दादांचं पथ्य

वहिनी, तुमची मूठ कुणाकडे ठेवून गेलात ते आधी सांगा.

"तांदूळ किती घेऊ?" असं विचारलं की तुमचं एकच उत्तर असायचं, "माणशी एक मूठ, वर एक कुकरची." आता मी तुमच्याच डब्यात हात घालते, तुमच्याच पातेल्यात टाकते, आणि भात एक तर कमी पडतो नाही तर सकाळी फोडणीला उरतो. माझी मूठ मोठी की तुमची, हे आपण कधी पाहिलंच नाही. इतकी वर्षं एका ओट्याशी उभ्या राहिलो, पण हात हातात घ्यायचं काही कारण पडलं नाही. पडलं ते थेट दवाखान्यात, आणि तेव्हा तुमची मूठ वळत नव्हती.

मी तुमच्यावर चिडलेली आहे. हे कुणापुढे बोलायची सोय नाही. भेटायला येणारं प्रत्येक माणूस सोफ्यावर टेकलं की "किती प्रेमळ होत्या हो" म्हणतं. प्रेमळ? तुम्ही? मी मान हलवते आणि चहा ठेवायच्या निमित्तानं आत जाते. लग्न होऊन आले आणि पहिल्यांदा आमटी केली, आमच्या वर्ध्याकडची, झणझणीत, वर तेलाचा तवंग आलेली, तेव्हा तुम्ही पातेल्यात डोकावून म्हणाला होतात, "छान. तुमच्याकडे ह्यात पोहायला शिकवतात का?" मग डावानं वरचं तेल काढून वाटीत ठेवलंत, उद्याच्या भाजीला. मी खोलीत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी त्या तेलातली वांग्याची भाजी फार सुरेख झाली होती, पण ते कबूल करायला मी काही बाहेर आले नाही.

येणाऱ्यांना आपलं घरही समजत नाही. मजल्यावर समोरासमोर दोन दारं, डावीकडे तुम्ही आणि दादा, उजवीकडे आम्ही. खडकीच्या क्वार्टरमधून निघताना दादांनी निवृत्तीच्या पैशातून एक फ्लॅट घेतला, समोरचा नितीननं कर्ज काढून घेतला. दोन सख्खे भाऊ, दोन दारं, दोन लाइटबिलं आणि चूल एक, ती तुमच्याकडची. माझ्या ओट्यावर इस्त्री व्हायची, आमच्या सईची वह्या-पुस्तकं पडलेली असायची, उन्हाळ्यात पापडांची परात असायची. गॅसच्या शेगडीवर मी प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. बालवाडीतल्या माझ्या सहकारी बाई एकदा घरी आल्या आणि म्हणाल्या, "अय्या, तुम्ही जेवत नाही का?"

त्यावरून आपलं भांडण कितीदा झालं? मला माझ्या ओट्यावर गॅस पेटलेला हवा होता. माझ्या हातची भाजी, माझ्या अंदाजाचं तिखट, आणि आमटीत गूळ नको. तुम्ही पोळी लाटता लाटता ऐकून घ्यायचात.

"पेटव की. कुणी धरलंय? दोन चुली म्हणजे दोन कुकर, दोन फोडण्या, दोन मिठाच्या बरण्या. तेल काय वर्ध्याहून पाइपानं येतं?"

"प्रश्न पैशाचा नाहीये वहिनी."

"ज्याच्याकडे असतात तो असंच म्हणतो."

मी कणीक मळायला घ्यायची. भांडण तिथंच राहायचं आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा निघायचं. आता ते कुणाशी काढू?

तुमच्या स्वैपाकाची मला आधी लाज वाटायची, हेही आज सांगून टाकते. लोक दोडका सोलून साल टाकतात, तुम्ही शिरा आधी बाजूला काढायचात आणि तीळ घालून त्यांची चटणी करायचात. फ्लॉवरचे दांडे पिठल्यात, कोथिंबिरीचे देठ आमटीच्या वाटणात, मुळ्याचा पाला हरभऱ्याच्या डाळीत. माझी आई एकदा आठवडाभर राहून गेली आणि जाताना हळूच म्हणाली, "वैशू, तुझी जाऊ कचराच शिजवते का वं?" पण त्याच आठवड्यात ती दोनदा चटणी मागून घेऊन जेवली होती.

आणि सई. दहाव्या वर्षी पोर पांढरीफटक पडली, जिना चढताना धापा टाकायची. डॉक्टरांनी रक्त कमी सांगून गोळ्या लिहून दिल्या. तुम्ही म्हणालात, "गोळ्या दे. पण गोळ्यांनी पोट भरत नाही." मग रोज सकाळी नाचणीची आंबील, शाळेच्या डब्यात मोडाच्या मटकीवर पिळलेलं लिंबू, संध्याकाळी हातावर दाणे-गूळ. तिनं तोंड वाकडं केलं की तुम्ही तिची मनधरणी करत नव्हतात. "नको? बरं, ठेव. भूक लागली की हेच आहे." वर्षभरात तिची वेणी हातात मावेना. गोळ्यांनी की तुमच्या मटकीनं, ते मला सांगता येणार नाही. तुम्हीही कधी श्रेय घेतलं नाही, फक्त वेणी घालताना "काय रबर तोडतेय रोज" म्हणून कुरकुर केलीत.

आता मी जे सांगायला बसले आहे त्याकडे येते. किती वेळ झाला, उठते, गॅलरीत जाते, परत येऊन बसते. हातून नीट लिहून होत नाही.

हिंजवडीच्या कंपनीनं माणसं कमी केली त्यात नितीनची नोकरी गेली. तो संध्याकाळी घरी आला, जेवायला बसला आणि आमटी भुरकता भुरकता सांगून मोकळा झाला. दादांचा घास हातात राहिला. तुम्ही म्हणालात, "बरं. भात वाढू?" मला तुमचा राग आला. इतकं कोरडं माणूस असू शकतं?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही सगळ्यांना जाहीर केलं, "ह्यांना कोलेस्टेरॉल निघालंय. उद्यापासून पथ्य. दोन वेगळे स्वैपाक मी करणार नाही, सगळ्यांनी तेच खायचं." दादांनी ताटातून मान वर न करता "हो, निघालंय खरं" म्हटलं.

आणि घर बदललं. रविवारचं पनीर गेलं, छोले आले. तूप गेलं. तेलाच्या पिशव्या कमी झाल्या, मोडांची फडकी वाढली. तळलेलं बंद, बाहेरचं बंद. सोमवारी हुलगे, मंगळवारी चवळी, कधी नुसतं पिठलं आणि कांदा, कधी ज्वारीच्या कण्या ताकात. सगळं चवीचं होतं, पोटभर होतं, पण होळीला पुरणपोळीवर तूप नाही म्हटल्यावर मी फुगून बसले. दादांना आम्ही सगळ्यांनी चिडवून हैराण केलं. सई त्यांना कोलेस्टेरॉल काका म्हणायला लागली. एकदा मी तर तोंडावर बोलले, "एका माणसाच्या पथ्यापायी पाच जणांनी का कोरडं खायचं?" दादा तिथेच बसले होते. ते हसले आणि म्हणाले, "भोगा माझ्या कर्माची फळं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंतसुद्धा नाही, पोळ्या लाटत राहिलात. त्या क्षणी तुम्ही तोंड उघडायला हवं होतं वहिनी. तिथेच माझी चीड आहे.

नितीनला बुधवार पेठेत एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम मिळालं. आधीच्या पगाराशी तुलना करू नये असं. घरखर्चात आम्ही देत होतो ते अर्ध्याहून कमी झालं. मी तुमच्यापाशी चाचरत काहीतरी बोलायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "पथ्यामुळे खर्चच कुठे होतोय आता? उलट उरतायत." मी सुटल्यासारखी परत गेले. मला खरं वाटलं.

मग तुम्ही गेलात. सकाळी छातीत दुखतंय म्हणालात, दुपारी नव्हतात. त्यावर मला काही लिहायचं नाही.

पण एक सांगते, कारण तुमच्याखेरीज हे कुणाला कळणार नाही. आदल्या दिवशी तुम्ही मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवली होती. घरात माणूस गेलं की शिजलेलं टाकतात, भरलेलं पाणी ओततात, हे मलाही माहीत आहे. साताऱ्याहून आलेल्या आत्याबाईंनी सगळी भांडी पालथी केली आणि मटकीपाशी अडल्या. भिजवलेलं शिजलेल्यात धरायचं की कच्च्यात? शेजारच्या काकू म्हणाल्या कच्चं. आत्याबाई म्हणाल्या, पाणी लागलं म्हणजे झालं. तुम्ही आत जमिनीवर होतात आणि बाहेर मटकीवर हा वाद चालला होता. मला एकदम हसू आलं, कारण तुम्ही असतात तर "आधी ठरवा, मग मी मरते" म्हणाला असतात. मी त्या म्हाताऱ्या बाईच्या हातून फडकं ओढून घेतलं आणि आमच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं. संध्याकाळी पाहिलं तर फडकं धुऊन दोरीवर वाळत होतं आणि आत काही नव्हतं. कुणी टाकली ते कुणी बोललं नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले. लोकांना वाटलं, आता कुठे हिला दुःख झालं.

तेराव्याच्या गोड जेवणाला पंगत बसली. आत्याबाई लाडू वाढत दादांपर्यंत आल्या. मी धावत गेले. "नको नको, त्यांना तुपाचं चालत नाही. कोलेस्टेरॉल आहे."

तुमची ऋचा समोरच बसली होती. म्हणाली, "कुणाला? बाबांना? काहीतरीच काय काकू! मीच नाही का आमच्या कंपनीतून त्यांचं फुल चेकअप करून घेतलं? डॉक्टर म्हणाले, एकदम फिट. पंचविशीतल्या पोरासारखे रिपोर्ट्स आहेत."

"अगं, मग आता असेल निघालं," आत्याबाई म्हणाल्या.

"दरवर्षी करते, कधीच काही निघालं नाही. मागच्याच महिन्यात पुन्हा केलं. आईला पण सांगितलं मी. ती म्हणाली, बरं झालं, कुणाला बोलू नकोस, दृष्ट लागते."

सगळी पंगत दादांकडे पाहायला लागली. दादा पानातल्या मिठाकडे पाहत होते. नितीननं हातातला लाडू खाली ठेवला. त्याला माझ्याआधी समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गॅलरीत पेपर वाचत होते तिथे मी गेले. मोठ्या दिरांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता.

"दादा, तुम्हाला कोलेस्टेरॉल होतं की नव्हतं?"

"होतं."

"ऋचा म्हणते कधीच नव्हतं."

"ऋचा डॉक्टर आहे का? तुझी वहिनी म्हणाली होतं, म्हणजे होतं."

"वहिनी डॉक्टर होत्या का?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "वैशाली, नितीन अर्ध्या पोळीवर उठायला लागला होता. तू भाजी घेताना हात आखडायला लागली होतीस. तिनं ते पाहिलं. मग एका सकाळी मला म्हणाली, तुम्हाला उद्यापासून आजार आहे. मी विचारलं, कुठला? म्हणाली, ठरवते."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"जन्मभर ऐकलं. त्यात नवीन काय?"

एवढं बोलून त्यांनी पेपर पुन्हा उघडला. पण तो उलटा धरला होता.

वहिनी, माझ्या अंगाची आग झाली. ते तुपाविना खात राहिले, आमची चेष्टा झेलत राहिले आणि मी त्यांना तोंडावर बोलले. आमची पडती बाजू झाकायला तुम्ही एका धडधाकट माणसाला आजारी पाडलंत. उपकार करायचे आणि कळू द्यायचे नाहीत, म्हणजे समोरच्यानं नाही तरी कसं म्हणायचं? मला विचारायचं होतंत. मी हुलगे खाल्ले असते, उघड्या डोळ्यांनी खाल्ले असते, ओट्यापाशी तुमच्याबरोबर बसून ठरवलं असतं की ह्या आठवड्यात काय परवडेल. तुम्ही मला लहान मुलासारखं फसवून भरवलंत. ह्याला प्रेम म्हणायचं की अविश्वास, हे मी तुमच्या फोटोला रोज विचारते. फोटोतही तुम्ही पोळ्या लाटताना करायचात तसंच तोंड केलंय.

नितीनचं डोकं दुसऱ्याच दिशेनं चाललं. "दादाच्या पेन्शनवर आपण जेवत होतो. बास झालं. आपलं आपण बघू." मीही तणतणत उठले, शेगडीवरचं प्लास्टिकचं कव्हर ओढून काढलं, नवा सिलिंडर जोडला. ज्या गॅससाठी मी इतकी वर्षं भांडले तो पेटला. मी हळदकुंकू वाहिलं, दूध उतू घातलं. सई म्हणाली, "आई, तू खूश का नाहीयेस?"

दादांना सांगितलं तेव्हा ते "बरोबर आहे तुमचं" एवढंच म्हणाले. ऋचानं त्यांना जवळच्या मेसचा डबा लावून दिला. तिच्या मनात त्यांना वाकडला आपल्याकडे न्यायचं होतं. इथलं घर भाड्यानं द्यायचं, एका माणसासाठी एवढी जागा कशाला? तिचं काही चूक नव्हतं. लेक आहे ती. रविवारी गाडी घेऊन येते म्हणाली.

आणि मी अस्वस्थ झाले. घरात बसवेना. तुम्ही म्हणालात तसं मीठसुद्धा दोनदा संपायला लागलं. तिघांची आमटी मला करताच येईना. पातेलं लहान, फोडणी तेवढीच, चव हरवलेली. सकाळी दाराबाहेर दादांच्या डब्याची पिशवी कडीला लटकलेली असायची, मेसवाला न्यायला यायच्या आधी मी ती उचलून पाहायची. जड असायची. एकदा डबा उघडून पाहिला तर पोळ्या तशाच होत्या. माणूस उपाशी राहत होतं आणि मी समोरच्या दारात राहून नुसतं वजन करत होते.

सईच्या हातून वाटीभर भाजी पाठवायला लागले. वाटी धुऊन परत यायची, आणि रिकामी यायची नाही. चार बत्तासे, कधी साखर, कधी खडीसाखरेचा खडा. शेजाऱ्यापाजाऱ्यांची वाटी रिकामी पाठवू नये ही आपल्या घरची रीत, तुम्हीच घातलेली. एका चुलीवर जेवणारी माणसं एकमेकांना वाटीत साखर घालून देत नाहीत. आम्ही शेजारी झालो होतो.

शनिवारी संध्याकाळी दार वाजलं. दादा उभे होते. दोन्ही हातांत कापडी पिशव्या, तुमच्याच, आणि त्यांतून शेपूचे तुरे बाहेर लोंबत होते. सगळा जिना शेपूच्या वासानं भरला होता.

"बाजारात गेलो होतो," ते म्हणाले.

दादा आणि बाजार! तुम्ही बाजार उठायच्या वेळेला जायचात. घासाघीस करायची तुम्हाला लाज वाटायची, म्हणून भाजीवालीसमोर नुसत्या उभ्या राहायचात, ती स्वतःहून भाव उतरवेपर्यंत. दादा तेव्हा कोपऱ्यावर स्कूटर धरून थांबलेले असायचे. पिशवीत काय आलं हे ते घरी आल्यावर बघायचे.

"तिच्यासारखाच उभा राहिलो," दादा सांगायला लागले. "बाई म्हणाली, घ्या आजोबा, दोन जुड्या. मी बोललो नाही. म्हणाली, बरं, तेवढ्यात चार घ्या. मी तरी बोललो नाही. मग तिनं सगळीच पिशवीत घातली आणि निघून गेली. कधी बोलायचं असतं ते तिनं कधी सांगितलं नाही मला."

माझा पारा चढला आणि त्याबरोबर माझी पुण्याची भाषा गेली. "काऊन जी दादा! एवढी शेपू कोण खाईन? सई हात लावत नाही, नितीनला वास सहन होत नाही. आन तुम्ही जेवता तरी का? त्या डब्यातल्या पोळ्या तशाच जातात, मले दिसत नाही काय? उपाशी राहून कोनाले शिक्षा देऊन राहिले तुम्ही?"

बोलून गेले आणि घाबरले. दादा दारातच उभे होते. मग त्यांनी चपला काढल्या, आत आले, जमिनीवर बसले, पेपर पसरला आणि एक जुडी सोडून निवडायला घेतली. कोवळे शेंडे एकीकडे, दांडे एकीकडे. चुकत होते. दांडे ठेवत होते आणि पानं टाकत होते. मी समोर बसले आणि त्यांच्या हातातून काडी घेऊन दाखवली. नितीन दुकानातून आला, नाक दाबलं, आमच्याकडे पाहिलं आणि बूटसुद्धा न काढता बसून त्यानं दुसरी जुडी ओढली. सई म्हणाली, "ई, मी नाही खाणार हं." आणि तीही बसली.

निवडलेली निम्मी शेपूसुद्धा माझ्या कढईत मावणार नव्हती. मी परात उचलली आणि समोर तुमच्याकडे गेले. ओट्यावर धूळ होती. मोठी कढई खालच्या फळीवर होती. डाळ भिजवलेली नव्हती, म्हणून मुगाची डाळ गरम पाण्यात घातली, लसूण ठेचला, शेपू पिळून घेतली. नितीननं डबे पुसले. सईनं सगळ्यांची ताटं मांडली, चार मांडली, मग पाचवं उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं. मी भाकरी थापत होते.

दादांनी भाकरी मोडली, शेपूचा घास घेतला, बराच वेळ चावत राहिले.

"मला शेपू कधीच आवडली नाही," ते म्हणाले.

"मग आणलीत कशाला?"

"स्वस्त होती. आणि तब्येतीला चांगली असते म्हणतात."

नितीनला ठसका लागला. सई हसायला लागली. मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम, आणि पदरानं तोंड झाकून पाणी आणायला उठले. दादांनी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. मी वाढली तेव्हा त्यांनी हात आडवा केला नाही.

जेवण उरकत होतं तेवढ्यात ऋचाचा फोन आला. दादांनी उष्ट्या हातानं स्पीकर चालू केला.

"बाबा, उद्या अकराला येते हं. बॅग भरलीत ना?"

दादांनी कढईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"उद्या नको गं," ते म्हणाले. "घरात शेपू आहे खूप. ती संपू दे."

"बाबा, शेपू?"

"हो. आठवडाभर तरी पुरेल. असं करत जा, येताना फोन करून विचार, संपली का म्हणून."

फोन ठेवून ते आपलं ताट घेऊन मोरीकडे गेले. नितीन माझ्याकडे पाहायला लागला. त्याला वाटलं, मी काहीतरी बोलीन.

वहिनी, निवडलेली शेपू दोन दिवसांत पिवळी पडते. हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. त्यांना नाही. तुम्ही त्यांना सांगू नका. मीही सांगणार नाही.